शेंड्याला सरासरी कळत नाही

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. बागेच्या कोपऱ्यात एक पाम, पानं तपकिरी, मधला कोंब कलंडलेला, आणि खाली प्रश्न: "हा जगेल का?" मग सल्ले सुरू होतात. एप्सम सॉल्ट घाला, हळदीचं पाणी घाला, पुन्हा गुंडाळून ठेवा. कुणीतरी लिहितं, "आमचा मागच्या वर्षी असाच दिसत होता, आता मस्त आहे." बहुतेक वेळा तो पाम नसतो, पण त्याबद्दल पुढे सांगते.

२०२३ साली तो फोटो माझा होता.

माझं रोजचं काम जिवंत पेशी गोठवण्याचं आहे. प्रयोगशाळेत आम्ही त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना ठेवतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून पुन्हा वाढवतो. बर्फ पेशीला नेमका कसा मारतो, या विषयावर मी पीएचडी केली. तरी लीड्समधल्या माझ्या परसात मी एक पाम थंडीने मारला. म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला दोन्ही बाजूंनी आहे असं समजा.

माझं म्हणणं असं: थंड देशात पाम जरूर लावा, पण ज्याच्या मूळ घरी बर्फ पडतो असाच लावा. "इथे आता पूर्वीसारखी थंडी कुठे पडते?" या भरवशावर समुद्रकाठचा पाम लावू नका. आणि गावाहून बॅगेत तर मुळीच आणू नका.

आमची वाडी श्रीवर्धनच्या बाजूला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दुपारभरात वाडीतल्या बहुतेक सुपाऱ्या आणि निम्म्याहून जास्त माड गेले. कित्येक दिवस फोन लागत नव्हता. लागला तेव्हा बाबा फक्त कोण सुखरूप आहे ते सांगत राहिले, झाडांचं बोललेच नाहीत. २०२२ च्या मे महिन्यात ते इथे आले तेव्हा आम्ही त्यांना घेऊन रोपांच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे पुरुषभर उंचीचा कॅनरी खजूर उभा होता, झावळ्या अगदी आपल्या माडासारख्या. लेबलवर लिहिलं होतं की तो थंडीत बाहेर टिकतो. बाबांनी त्याच्या खोडावरून हात फिरवला आणि माझ्यातली संशोधक तिथेच संपली. खड्डा त्यांनी खणला. त्यात टाकायला मीठ मागत होते, ते मात्र मी दिलं नाही.

त्या डिसेंबरच्या मध्यावर आठवडाभर थंडीची लाट आली. माझ्या बागेतल्या थर्मामीटरने सर्वांत थंड रात्री उणे ८ दाखवलं. मी झाडाला कापड गुंडाळलं, त्यावर बबल रॅप, वरून दोरी. फेब्रुवारीत सोडलं तर पानं बऱ्यापैकी हिरवी होती. मला आनंद झाला. मग मधला न उघडलेला कोंब सहज धरला, तर तो अलगद हातात आला. बुडाशी काळा, बुळबुळीत, वास येणारा. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "शेंडा गेला ना? मग झालं." निसर्गनंतर वाडीत शेंडा मोडलेले माड त्यांनी खांबांसारखे उभे बघितले होते. त्यांना कॅम्बियम कशाला सांगायचं?

तुम्हाला मात्र सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. आंब्याची फांदी छाटली तर खालून नवी फुटते. आंब्याच्या सालीखाली विभाजी पेशींचा एक थर असतो, तो कॅम्बियम, आणि खोडा-फांद्यांवर निजलेले डोळे असतात. वरचं गेलं तरी खालचं उठतं. पाम एकबीजपत्री, गवताच्या आणि केळीच्या बाजूचा. त्याला कॅम्बियम नाही, आणि एकखोडी पामला निजलेले डोळेही नाहीत. त्याची प्रत्येक झावळी, प्रत्येक फूल, खोडाचा प्रत्येक इंच शेंड्यात दडलेल्या एकाच वाढबिंदूतून येतो. दुसरा नाही. शिवाय खोडात एकदा तयार झालेल्या जलवाहिन्या आणि रसवाहिन्या आयुष्यभर तेवढ्याच. ओक दरवर्षी नवं लाकूड तयार करतो आणि जुनं बाद करतो. पामला ती चैन नाही. माडाला मारलेला खिळा चाळीस वर्षांनीही तिथेच, भोक न बुजलेला, दिसतो तो यामुळेच.

आता गोठणं. पाणी शून्याला गोठतं हे शाळेतलं वाक्य पेशीच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. बर्फाचा पहिला कण जमायला काहीतरी आधार लागतो. तो मिळाला नाही तर पाणी शून्याच्या कितीतरी खाली द्रवच राहतं. झाडात बर्फ साधारणपणे आधी पेशींच्या बाहेर, मधल्या जागांत तयार होतो. तो पेशीतलं पाणी ओढून घेतो. म्हणजे थंडीने मरणारी पेशी बहुधा तहानेने मरते. बर्फाच्या देशातली झाडं हे शरदापासून शिकत असतात: पेशीत साखरा साठवतात, पटलांची घडण बदलतात, पानं गाळून टाकतात. दिवस लहान झाले की त्यांना निरोप मिळतो. माड किंवा खजूर यांतलं फारसं काही करत नाही. त्यांना हिवाळा म्हणजे जरा थंड पडलेला उन्हाळा.

नारळ तर त्याहून नाजूक. त्याला बर्फाची गरजच नाही. केळी फ्रिजमध्ये ठेवल्यावर काळी पडतात ना? तिथे काही गोठलेलं नसतं. उष्ण प्रदेशातल्या पेशींची स्निग्ध पटलं शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला घट्ट होतात, गळू लागतात आणि पेशीचा कारभार कोलमडतो. नारळाचं तसंच. इथल्या दुकानांत शोभेचं रोप म्हणून मोड आलेला नारळ कुंडीत मिळतो. घ्या, हरकत नाही, पण फुलांचा गुच्छ घेतो तशा हिशोबाने घ्या.

मग लेबलवरच्या आकड्याचं काय? अमेरिकेतल्या वाचकांना यूएसडीएचे झोन पाठ असतील. झोन म्हणजे काय, तर दरवर्षीच्या सर्वांत थंड रात्रीचं तापमान घ्यायचं आणि त्याची तीस वर्षांची सरासरी काढायची. २०२३ चा नकाशा १९९१ ते २०२० या वर्षांवर बेतलेला आहे. नीट वाचा: सरासरी. म्हणजे ढोबळमानाने निम्म्या वर्षांत एक तरी रात्र त्या आकड्यापेक्षा थंड असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये आलेली थंडी आठवते? वीज गेली, नळ फुटले, आणि ह्यूस्टन-सॅन अँटोनियोच्या रस्त्यांकडेचे कितीतरी पाम मेले. ते काही चुकीच्या झोनमध्ये लावलेले नव्हते. शेंड्याला सरासरी कळत नाही. त्याला एकच रात्र कळते.

शिवाय झोनचा आकडा सारखा म्हणजे हवामान सारखं असंही नाही. ब्रिटनचा बराच भाग त्या मोजपट्टीवर ८ आणि ९ मध्ये बसतो, म्हणजे उत्तर फ्लोरिडाच्या रांगेत. पण तिथे पहाटे हिमकण पडले तरी दुपारी ऊन येतं आणि पारा पुन्हा वर जातो. इथे तीन-चार दिवस पारा शून्याच्या वर येतच नाही, साडेतीन-चारला अंधार, आणि त्याआधी-नंतर आठवडेच्या आठवडे पाऊस. पामच्या शेंड्याच्या खोबणीत पाणी साचतं, गोठतं, पेशी फुटतात, आणि मग बुरशी-जिवाणूंची चंगळ. माझा पाम बहुधा गोठून अर्धा मेला आणि बबल रॅपच्या आत घामेजून उरलेला. प्लॅस्टिक ही माझी चूक, आणि मंडळातल्या फोटोंवरून सांगते, तुमच्यातल्याही पुष्कळांची.

उलटी गंमतही आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातला काटेरी नीडल पाम उणे वीसच्या आसपासची थंडी झेलतो असं ऐकून इथले हौशी लोक तो आणतात. मरत नाही बिचारा, पण वाढतही नाही. त्याला तिकडचा घामट, रणरणीत उन्हाळा हवा असतो. यॉर्कशरच्या वीस-बावीस अंशांत तो वर्षाला एखादं पान काढून बसून राहतो. म्हणजे हिवाळ्याची कमाल आणि उन्हाळ्याची किमान, दोन्ही बघायला हवं. लेबलवर एकच छापलेलं असतं.

मोबाइलवरचा अंदाजही सबुरीने घ्या. हवामान खात्याचं तापमान जमिनीपासून सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत मोजतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उघड्या आकाशाखालचं पान आपली उष्णता थेट वर फेकत असतं आणि हवेपेक्षाही थंड होतं. अंगणात दव पडतं आणि ओटीच्या छपराखाली पडत नाही, तेच कारण. म्हणून भिंतीलगत, छज्जाच्या आडोशाला लावलेला पाम वाचतो आणि हिरवळीच्या मधोमध शोभेसाठी लावलेला जातो. माझा कुठे होता हे विचारू नका.

आता तो हमखास येणारा मुद्दा: "पण हवामान तर तापतंय." तापतंय, त्यात वाद नाही. थंड रात्री कमी होत आहेत हेही खरं. पण हिशोब करून बघू. समजा तुमच्या गावात पामला मारणारी रात्र एखाद्या वर्षी येण्याची शक्यता दहात एक आहे. वीस वर्षं झाड जगण्याची शक्यता किती? दरवर्षी ०.९, असं वीस वेळा गुणा: सुमारे १२ टक्के. आता तापमानवाढीने ती शक्यता निम्मी झाली, वीसात एक. तरी वीस वर्षं टिकण्याची शक्यता ३६ टक्केच. धोका अर्ध्यावर आला आणि तरीही तीनातले दोन गेले. झाड लावणं म्हणजे एका हिवाळ्याशी नव्हे, येणाऱ्या प्रत्येक हिवाळ्याशी करार. डिसेंबर २०१० मध्ये मध्य इंग्लंडचं महिन्याचं सरासरी तापमान शून्याखाली गेलं. १८९० नंतरचा तो सर्वांत थंड डिसेंबर. त्याआधीच्या सौम्य हिवाळ्यांना भुलून लावलेले कॅनरी खजूर त्या महिन्यात गेले.

याच हिवाळ्यात एक गैरसमजही पक्का झाला. टॉर्कीच्या किनाऱ्यावर जी 'पामची' झाडं पोस्टकार्डांवर झळकतात ती मुळात पाम नाहीतच. ती कॉर्डिलाइन, न्यूझीलंडची, शतावरीच्या कुळातली. २०१० च्या थंडीत तीही काळी पडली, पण पुष्कळ झाडं पुढच्या उन्हाळ्यात बुंध्याजवळून पुन्हा फुटली. लोकांनी म्हटलं, बघा, पाम परत येतो! तुमच्या ग्रुपवरचा "आमचा असाच दिसत होता, आता मस्त आहे" म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही. त्याच्याकडे कॉर्डिलाइन आहे.

मग लावायचं काय? ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. नाव जड आहे, झाड साधं. पंख्यासारखी पानं, खोडावर काथ्यासारख्या तपकिरी तंतूंची दाट वाकळ. आरएचएसच्या मोजपट्टीवर एच-५, म्हणजे उणे १० ते उणे १५ पर्यंतच्या हिवाळ्यातलं, आणि थंड, ओला उन्हाळा त्याला आवडतो. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाने १८४९ मध्ये त्याची रोपं चीनहून इंग्लंडला पाठवली, आणि आइल ऑफ वाइटवरच्या ऑसबोर्न हाउसच्या राजघराण्याच्या बागेतही ती पोचली. चहाची रोपं चीनमधून ईस्ट इंडिया कंपनीसाठी भारतात नेणारा हाच तो फॉर्च्यून. चीनमधले भातशेतकरी या पामच्या तंतूंचे पावसाळी अंगरखे करून वापरतात असं त्याने पाहिलं होतं. आपल्याकडच्या इरल्याचा हा भाऊबंदच.

आणि "आपलं झाड" हवं असेल तर ऐका: या झाडाचा एक सख्खा भाऊ, ट्रॅकिकार्पस टाकिल, कुमाऊँमध्ये पिथोरागढजवळ थल केदारच्या डोंगरावर, दोन हजार मीटरच्या वर, ओकच्या जंगलात वाढतो. हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ पडतो. दुसरा एक, ट्रॅकिकार्पस मार्शियानस, मेघालयात आणि नेपाळात आहे. पाम म्हटला की आपल्याला समुद्र आठवतो, हा दोष आपल्या किनाऱ्याचा. हिमालयालाही पाम आहेत.

कमी उंचीचं हवं असेल तर भूमध्य समुद्राकाठचा कॅमेरॉप्स बघा. तो बेटासारखा, अनेक खोडांनी वाढतो, त्यामुळे एक शेंडा गेला तरी बाकीचे असतात. निचरा मात्र उत्तम हवा. दोघांनाही पहिली दोन-तीन वर्षं मुळांवर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. कडक थंडी असेल तेव्हाच पानं वर बांधून शेंड्यावर हवा खेळेल असं छप्पर करा, आणि थंडी ओसरली की त्याच दिवशी काढा. काही जण दिव्यांच्या माळा गुंडाळतात. जुने पिवळे बल्ब गरम व्हायचे म्हणून ते चालायचं. एलईडीच्या माळेने फक्त फोटो चांगला येतो. आणि अंगणातल्या झाडाला सगळा हिवाळा विजेची तार लावून ऊब द्यावी लागत असेल तर ते झाड तिथे नको, असं माझं स्पष्ट मत आहे. विजेचं बिल आपण भरतो, धूर सगळ्यांचा.

ट्रॅकिकार्पसची शिफारस करताना त्याची दुसरी बाजू लपवणार नाही. दक्षिण स्वित्झर्लंडच्या टिचिनो भागात तो बागांतून निघून जंगलात शिरला. नर-मादी झाडं वेगळी, मादीला द्राक्षासारखे घोस लागतात, पक्षी बिया पसरवतात. हिवाळे सौम्य झाल्यावर त्याची रोपं तिथल्या जंगलात आपोआप वाढू लागली. १ सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडमध्ये त्याची विक्रीच बंद आहे. तिथे राहणाऱ्यांनी माझं ऐकू नये. लीड्समध्ये अजून ती वेळ नाही, पण मी फुलांचे तुरे बी धरण्याआधीच कापून टाकणार आहे. तुम्हीही कापा.

शेवटचा मुद्दा बॅगेचा, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला सोंड्या भुंगा विचारा. लाल रंगाचा, लांब सोंडेचा. मादी माडाच्या जखमेत अंडी घालते, अळ्या आतून पोखरत शेंड्यापर्यंत जातात, आणि बाहेर कळेपर्यंत माड संपलेला असतो. हा आपल्याच दक्षिण आशियातला कीटक. १९८० च्या दशकात तो आखातातल्या खजुरांवर पोचला, १९९० च्या दशकात इजिप्त आणि स्पेनमध्ये, आणि पुढे भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने शंभर-शंभर वर्षांचे कॅनरी खजूर त्याने आडवे केले. उडत नाही गेला तो. जिवंत पामच्या खोडांत बसून, माणसांच्या हातांनी गेला. ब्रिटनमध्ये लावण्यासाठीची रोपं वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत, त्यामागे नुसती सरकारी हौस नाही. "आमच्या वाडीतलं एक छोटं रोप, त्याने काय होतंय" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात तीनदा ऐकलं. एकदा ते कढीलिंबाच्या रोपाबद्दल होतं, त्याचीही अशीच एक कथा आहे: संत्र्या-मोसंब्यांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा किडा कढीलिंबावरही जगतो. खायचा नारळ आणा, खोबरं आणा. मुळं असलेलं काही आणू नका.

बाबांनी लावलेला खजूर मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये काढला. त्याच खड्ड्यात नाही, घराच्या दक्षिणेच्या भिंतीलगत गुडघ्याएवढा ट्रॅकिकार्पस लावला. मागच्या उन्हाळ्यात त्याने सात पानं काढली. बाबांना त्याचं फारसं कौतुक नाही. "हा माड नव्हे, हा पंखा आहे," म्हणतात, पण फोनवर दर वेळी कितवं पान ते विचारतात.

आता तुमच्यापैकी कुणाचा फोटो या वसंतात ग्रुपवर येणार असेल तर एवढं करा. मधला कोंब अंगठा आणि बोटात धरून हलकेच ओढा. घट्ट असेल तर काहीच करू नका, तपकिरी पानंही लगेच कापू नका. जे हिरवं उरलंय ते झाडाला लागतं. हातात आला तर कुजलेला भाग काढा, पोकळी कोरडी होऊ द्या, पाऊस आत जाणार नाही असं काहीतरी वर धरा. कधी कधी वाढबिंदू खाली शाबूत असतो आणि जून-जुलैत अर्धवट कापल्यासारखं, वेडंवाकडं एक पान वर येतं. ऑगस्टअखेरपर्यंत वाट बघा. तोवर कुदळ शेडमध्येच राहू द्या, आणि हळदीचं पाणी तुम्हीच प्या.